डावा खांदा

एलिओदोरोचा डावा खांदा
उजव्यापेक्षा दोन बोटं खाली.
मापाच्या वहीत पहिल्यांदा हे लिहिताना
माझी पेन्सिल जरा थबकली,
तेव्हा त्याने पायाशी ठेवलेली पिशवी दाखवली:
दोन कॅमेरे, चार भिंगं, तिपाई,
बॅटऱ्या, आणि बाळाच्या झबल्याएवढं मऊ एक फडकं.
'उचलून बघ, निबाल्दो,' म्हणाला.
मी उचलली.
म्हणजे, उचलायला गेलो.

मग तीस वर्षं मी त्या खांद्यात भर घालत आलो.
कापसाची एक घडी, मग दीड, मग दोन.
कोट चढवला की माणूस सरळ दिसायचा.
असा सरळ होऊन तो वाल्पाराइसोच्या चढांवरून जाई
गोदीतल्या संपाला, आगीला, फुटबॉलला,
कुणाच्या मयताला.
दोरावर चढणाऱ्या लाकडी डब्यात तो शिरला
की तिकीटवाली म्हणायची, 'दोघांचे पैसे.'

दर हिवाळ्यात कोट न्यायला आला
की माझा एक फोटो काढी.
ते भलं मोठं भिंग माझ्याकडे वळलं
की मी पोट आत घेई,
तोंडातल्या टाचण्या उशीला टोचून ठेवी,
गळ्यातली टेप दोन्ही बाजूंना सारखी करी.
आतून ओतिलिया ओरडे, 'केस!'
कॅमेऱ्याची झडप वाजायची
बंदराच्या कचेरीत शिक्का पडावा तशी.
मग मी श्वास सोडायचो.

परवा तो रिकाम्या हातांनी आला.
मला वाटलं, चोरी झाली.
त्याने खिशातून साबणाच्या वडीएवढं काहीतरी काढलं
आणि माझ्या कातरीशेजारी ठेवलं.
'डॉक्टरीण म्हणाली, पिशवी किंवा पाठ.
पाठ ठेवली.
आता ही भर काढून टाक,
आणि इथे आतून एक खिसा दे,
न बघता बोटं पोचतील असा.'

मी उसवत बसलो. तो बोलत बसला.
आता कुणी बाजूला सरकत नाही म्हणाला,
मासळीवाली शिवी अर्ध्यात गिळत नाही,
पोलीस त्याला सुट्टीवर आलेला म्हातारा समजतात.
'पण बटण दाबलं की हा विचार करत बसतो.
पक्षी उडून गेल्यानंतरचं आभाळ
माझ्याकडे आता ढीगभर आहे.'
'आणि ते मोठे?'
'कपाटात. रविवारी पुसतो.'

तीस वर्षांचा कापूस बाहेर आला,
पिवळा, पापडासारखा चपटा.
कोट घालून तो आरशासमोर उभा राहिला.
खांदा तिथेच. दोन बोटं खाली.
त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

मी टाचण्या लावत होतो, तेवढ्यात
त्याने ती वडी माझ्यासमोर धरली.
काचेत एक म्हातारा:
पोट सुटलेलं, तोंडात टाचण्या,
चष्म्याची काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली.
झडप वाजलीसुद्धा नव्हती.
'हा कोण?'
'तू. तीस वर्षांत पहिल्यांदा सापडलास.'

असेल. तो फोटोतलं जाणतो, मी कापडातलं.
पण मला ते पोट आत घेणं आवडायचं.
वर्षातून एकदा कुणीतरी
एवढं ओझं घेऊन टेकडी चढायचं
आणि ते सगळं माझ्याकडे रोखायचं.
हे त्याला सांगितलं नाही.
टाचण्या तोंडात असल्या
की न बोलायला बरं पडतं.

खिसा शिवला, डाव्या बाजूला,
आतून रेशमी अस्तर लावून.
रात्री दुकान बंद करायच्या आधी
खांद्याची शिवण पुन्हा थोडी उघडली
आणि कापसाची अर्धी घडी परत आत सारली.
विचारलंच त्याने,
तर सांगेन, कापडच जाड आहे.