नमुना

एप्रिलची तोंडी परीक्षा, दुपारचे साडेतीन.
राजारामपुरीतल्या कॉलेजचा वरचा मजला,
पत्रा तापलेला, पंख्याला एकच वेग.
मी विचारते : प्रमाण विचलन म्हणजे काय?
आणि सम्मेद खोचगे एका दमात
फरक, वर्ग, बेरीज, भागिले एन, वर्गमूळ,
जसं कुणी पाढे म्हणत जिना उतरावा.
बरं, म्हटलं, एका वर्गाच्या गुणांचं विचलन शून्य आलं
तर त्या वर्गाबद्दल काय सांगशील?
तो थांबला.
"मॅडम, सगळ्यांना शून्य मार्क."

लेखीत त्याला चाळीसपैकी अडतीस.
तपासले मीच.

चोवीस वर्षं हा विषय शिकवते.
सरासरीच्या तासाला तोच रंकाळ्याचा विनोद,
पाण्याची सरासरी खोली आणि बुडालेला माणूस.
मुलं हसायच्या जागी हसतात.
हसली म्हणजे कळलं, असं मी धरून चालले.
दोन्हींतला सहसंबंध
कधी काढून पाहिला नाही.

मग रसिका आरडे आली.
म्हाकव्याहून पहिल्या एसटीनं येते,
ओढणीच्या टोकाला वाळलेला पांढरा डाग.
लेखीत चौदा.
सूत्र विचारलं, आठवेना.
दुसरं विचारलं, तेही नाही.
इचलकरंजीहून आलेले परीक्षक घड्याळ बघू लागले.
आता हिला सोडावं, म्हणून सहज विचारलं :
यादृच्छिक नमुना कशाला घ्यायचा गं?

"मॅडम, मी रोज सकाळी डेअरीत माप घेतो.
किटली आली की वरच्या वर पळी बुडवली
तर फॅट जादा लागतंय. साय वर आलेली असतीया.
तळातनं घेतलं तर दूध घालणारा मारला जातोय.
म्हणून आधी ढवळायचं. पार तळापातूर.
मग कुठनं बी घ्या,
पळीभर दूध सगळ्या किटलीचं खरं बोलतंय."

माझ्या हातातलं पेन उघडंच राहिलं.
परीक्षक पुटपुटले, "काय नमुना आहे!"
कुठल्या अर्थानं, ते मी विचारलं नाही.

"आणि न ढवळता मोठी पळी घेतली तर?"
"मग चूक बी मोठ्या पळीनं घेतली म्हणायचं."

गुणपत्रकावर रकाने तीन :
सूत्र पाच, आकडेमोड दहा, निष्कर्ष पाच.
चौथा रकाना नाही.
पाचपैकी पाच दिले आणि
बाकीच्या पंधरांकडं बघत बसले.

जर्नल उचलून ती दारापर्यंत गेली. वळली.
"एक इचारू? रागावू नका.
तुमचा पेपर बी पळीच की.
सात वर्षांचे पेपर कॉलेजसमोर झेरॉक्सवाल्याकडं मिळतात.
फिरून फिरून तेच. आमचं पाठांतर वर तरंगतंय,
तुमी तेवढंच घेता."
परीक्षकांनी खोकल्यासारखं केलं.
मी म्हटलं, जा, पुढच्याला पाठव.
आवाज जरा चढलाच होता.

रात्री पुढच्या वर्षाचा पेपर काढायला घेतला.
पहिला प्रश्न : एका वर्गाच्या गुणांचं प्रमाण विचलन शून्य आहे.
त्या वर्गात काय घडलं असेल,
तुमच्या शब्दांत लिहा. सूत्र नको.
छान वाटलं. चहा झाला.
दुसरा प्रश्न लिहिताना लक्षात आलं
की परवाच्या परवा हाही तिथं असणार,
उत्तरासकट, दोन रुपये पान,
आणि कुणीतरी सम्मेद तो एका दमात म्हणेल,
"तुमच्या शब्दांत" हे शब्दसुद्धा.

खोडला नाही.
खाली कोरी जागा सोडली, अर्धं पान,
आणि समासात, फक्त मला वाचता येईल असं :
म्हाकव्याची पहिली एसटी किती वाजता सुटते, विचारणे.
डेअरी उघडायच्या आत पोचायचं
तर आदल्या रात्रीच जावं लागेल.