सोडलेली जागा

धवल्यात एक जागा सोडलेली असते.
तिथे नवरीचं नाव घालायचं,
मग तिच्या आईचं, मग गावदेवीचं.
हे मला लहानपणापासून ठाऊक.
माझी आत धवलारीन.

तरी करावेगावात, सुगंधाच्या हळदीला,
मी आतच्या पदराला माइक लावला.
साउंडचा धंदा नवा, मिक्सरचे हप्ते चालू.
पाम बीच रोडवरच्या इव्हेंटवाल्याने
चार हजार दिले, कॉफी पाजली,
म्हणाला, एकदम अस्सल आहे हो.

आता तो धवला सीवूड्स ते उलवे वाजतो.
कबाब फिरतात, ड्रोन फिरतो,
पाटावर कधी रिद्धिमा, कधी कुणी तान्या,
आणि स्पीकर दर वेळी
सुगंधालाच हळद लावतो.

आतला कळलं.
मला वाटलं शिव्या घालेल, पैसे मागेल.
ती सुकट निवडत होती.
'मंग त्या पोरींची नावां
कोनी घेतली?'
एवढंच.

त्याच साली आतच्या पायाला जखम.
ड्रेसिंगला प्रसीदा यायची, पालघाटची,
पट्टी सोडता सोडता ऐकायची,
'ळ' आमच्यापेक्षा ठणठणीत म्हणायची.
एकदा भीतभीत बोलली,
बहिणीचं लग्न आहे, रजा नाही मिळत.
तिच्यासाठी म्हणाल?

आतने पाय खाली घेतला.
नाव काय? रेम्या.
आयशीचा? गावदेवी कंची?
रेम्या ओळीत बसेना,
तेव्हा आतने ओळच जरा लांबवली,
पाहुणा आला की
बाकावर सरकून बसतात तशी.

फोनच्या पलीकडून कुणी म्हणालं, मोळे.
म्हणजे लेकी, प्रसीदाने सांगितलं.

तेव्हापासून आतच्या धवल्यात मोळे येतं.
मी चिडून विचारलं,
हे तू उचललंस ते चालतं?
'तिच्या आयशीला फोनवर इचारलाय मी.
आधी हसली, मंग रडली,
मंग हो बोलली.'

माझ्याकडे ती फाइल अजून आहे.
पुसून काय होणार,
शंभर पेन ड्राइव्हमध्ये गेली.

परवा एका लॉनवर मी वायरी ओढत होतो.
केटरिंगच्या बायांत सुगंधा,
हातात ताटल्यांची चवड.
स्पीकरवर आत सुरू झाली,
नाव आलं,

सुगंधा थांबली, वळली,
आणि तिनं 'ओ' दिली.