पान एकशे त्रेचाळीस

दारव्ह्याच्या वाचनालयात संदर्भग्रंथ घरी नेऊ देत नाहीत.
म्हणून शनिवारी शाळा सुटली की मी इथंच बसते,
बंद पंख्याखाली, दोन पुस्तकं शेजारी उघडून.

डावीकडं झामरे घराण्याचा कुलवृत्तांत.
कापडी बांधणी. मूळ पुरुषापासून अकरा पिढ्या.
मधे घडीचा कागद, उलगडला की टेबलाखाली लोंबतो,
वडाचं झाड काढलंय त्यावर,
पारंब्या सगळ्या पुरुषांच्या.
लेकी आहेत. कंसात, आकड्यांत: (कन्या ३).

पान एकशे त्रेचाळीस.
'पुंजाजी राघोजी. पलटणीत गेले. निपुत्रिक.'
तीन पूर्णविराम, खाली कोरी जागा,
तिथं कुणाच्या तरी चहाचा डाग.

उजवीकडं पलटणीचा इतिहास,
नागपूरच्या रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेला,
साहेबानं साहेबांसाठी लिहिलेला.
मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचते.
मेजरच्या कुत्र्यावर दीड पान आहे.
मग बसऱ्याच्या वरच्या अंगाला, पुराच्या रात्री,
तीन खेचरं नदीपार आणली कुणी एकट्यानं.
खेचरांची नावं दिलीत: डेझी, सुलतान, बीबी.
माणसाचा नंबर. २२१७.

हा नंबर मला बोटांनी पाठ आहे.
पोळ्याच्या दिवशी बाबा बैलाच्या कपाळी
एक काळपट पदक बांधायचे.
राजाचं तोंड आत, बैलाकडं.
चिंचेनं घासून घासून राजाचं नाक गेलं,
कडेवरचे आकडे मात्र राहिले.
बैल विकले त्या साली
पदक माझ्या पेन्सिलींच्या डब्यात आलं.

म्हणजे निपुत्रिक पुंजाजी परत आला होता.
घरी नाही. अडाण नदीच्या अलीकडं,
बेलदारांच्या पालावर, मंजुळीकडं.
लग्न झालं होतं की नव्हतं,
यावर दोन्हीकडची तोंडं शंभर वर्षं शिवलेली.
त्याला खेचरं हाकता येत, तिला दगड फोडता येई.
चार लेकरं झाली.
शाळेत आडनाव विचारलं तेव्हा मंजुळी म्हणाली,
आमी नदीकाठचे.
मास्तरांनी लिहिलं, काठोळे.

मी त्या निपुत्रिकाची पणती.
हा शब्द लिहिताना दरवेळी हात थबकतो,
नातं लिहावं तर दिवा लागतो.

दुसरी आवृत्ती निघणार कळलं, म्हणून गेले
संपादकांकडं. वसंतराव झामरे, निवृत्त मुख्याध्यापक.
पदक त्यांनी उजेडाकडं धरलं, खूप वेळ.
'नंबर तं बराबर हाये,' म्हणाले,
आणि छापील फॉर्म पुढं केला:
वंशजाचे नाव, पुरुष. फोटो असल्यास पाचशे जादा.
'भावाले पाठवा एखाद्या दिवशी.'
मला भाऊ नाही, म्हटलं.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
वाईट माणूस नाही. चहा दिला,
निघताना परसातले चार पेरू दिले,
पिशवीच्या तळाशी जड जड.

आज डब्यातली पेन्सिल घेऊन आले.
'निपुत्रिक'च्या न्पासून नव्हे, क्च्या पायथ्यापासून
एक रेघ खाली ओढली, चहाच्या डागातून,
आणि लिहिलं: मंजुळी.
पुढं सुचेना. तिचं आडनाव कुठल्याच पुस्तकात नाही.

ग्रंथपाल ढोकणे खुर्ची सरकवून उठले.
'ग्रंथात लिहू नये' ही पाटी त्यांच्याच अक्षरातली.
येऊन मागं उभे राहिले.
पान वाचलं. चष्मा सदऱ्याला पुसला, पुन्हा वाचलं.
मी खोडरबर शोधू लागले.
ते परत गेले, खण उघडल्याचा आवाज आला,
आणि लाकडी पट्टी माझ्यासमोर ठेवून म्हणाले,
'रेघ वाकडी जाऊन राह्यली, बाई.'