बर्फ घालणारा

इतिहास वगैरे मला विचारू नका,
मी बर्फ घालणारा माणूस.
सप्टेंबरात सिमेंटवर पाण्याचा पहिला फवारा,
मग पांढरा रंग, निळी रेघ, तांबडी रेघ,
मधोमध संघाचं चिन्ह, दात विचकणारा पाइक मासा,
वर पुन्हा पाणी, पाण्यावर पाणी,
अंगठ्याएवढा जाड झाला की पोरं उतरतात.
एप्रिलात यंत्रं बंद.
मासा आधी शेपटीकडून विरघळतो.
सगळा हंगाम जांभळा होऊन मोरीत जातो.

सुरुवात त्रेपन्न साली, एवढं ऐकून माहीत आहे.
कागद गिरणीचा मुकादम आइनो राटिकाइनेन
दर पगारातून माणशी पंचवीस सेंट कापून घ्यायचा,
कुरकुरणाऱ्याला म्हणायचा,
मग हिवाळाभर बस भिंतीकडे बघत.
जर्सी तपकिरी; गिरणीत तोच रंग फुकट मिळायचा.
पहिल्याच घामात पोरांच्या पाठी रंगल्या
आणि पाइक क्रॉसिंगला संघ मिळाला.

सोळा ते वीस वयाची पोरं.
बसनं आठ-आठ तास जायची, हरून यायची,
येताना वाटेत टायर बदलायची.
दंतवैद्य मॅकिलरेथ फुकट दात बसवायचा.
त्याच्या खिडकीत बरणी होती पडलेल्या दातांची,
आमचं वस्तुसंग्रहालय म्हणाल तर तेवढंच.

अडुसष्ट साल.
गोलात लिओपोल्ड वाबानो, उत्तरेकडचा, क्री.
बाहेरगावच्या पोरांना गावातली घरं ठेवून घेत.
त्याच्यासाठी चर्चमध्ये दोन रविवार यादी फिरली
आणि कोरी परत आली.
तो बॉयलरच्या खोलीत राहिला, ऑक्टोबर ते मार्च.
उबदार आहे तिथं, लोक म्हणाले.
उबदार होतंच.
अंतिम सामन्यात त्यानं एकसष्ट फटके अडवले.
बासष्टावा, तिसऱ्या जादा वेळेत, रात्री पाऊण वाजता,
आमच्याच एकाच्या स्केटला लागून आत गेला.
अख्खं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं.
मीही, बारा वर्षांचा,
घसा बसेपर्यंत त्याचं नाव ओरडलो.

आमच्या घरात एक खोली रिकामी होती.
आई तिथं शिवणयंत्र ठेवायची.

पुढचं भराभर सांगतो.
एकोणऐंशीत हिमाच्या ओझ्यानं छप्पर बसलं,
आत फक्त मांजर होतं, तेही वाचलं.
ब्याऐंशीला गॅरेट प्रूदॉम मोठ्या लीगमध्ये गेला,
अकरा सामने खेळला,
त्या अकरांवर तीस वर्षं गाड्या विकल्या.
गिरणी बंद झाली, वास गेला.
सडक्या कोबीसारखा वास, जन्मभर शिव्या घातल्या त्याला,
आणि गेला त्या आठवड्यात कुणाला नीट झोप लागेना.
मग संघ एका डॉलरला दक्षिणेतल्या गावाला विकला.
खजिनदार हिल्का सोर्सा, तिनं त्या डॉलरची पावती फाडली,
दोन प्रतींत.
शेवटच्या सामन्याला एकशे त्रेचाळीस माणसं.
मी मोजली.
बर्फ फार छान झाला होता त्या रात्री,
असा वर्षातून एकदा होतो.

आता नाच शिकणाऱ्या मुली येतात, रविवारी म्हातारे.
जिन्यापाशी मानाची पाटी आहे.
तिच्यावर वाबानोचं नाव पन्नासहून जास्त वर्षं चुकलेलं,
एकच अक्षर.
ब्रश माझ्याकडे, रंग माझ्याकडे, शिडी माझ्याकडे.
गेल्या हिवाळ्यात चढलो एकदाचा.
जुनं अक्षर नव्याखालून अजून दिसतं, ऊन पडलं की.

एका पोरानं विचारलं, हा कोण?
म्हटलं, गोलकीपर. चांगला होता.
राहायचा कुठं?
पोरं काहीही विचारतात.
मशीन चालू होतं.
फार आवाज असतो त्याचा.