रेडिच, मंगळवारचा दवाखाना

मिसेस टॉली मोजे काढतात,
घडी घालून पर्समध्ये ठेवतात
आणि मी विचारायच्या आधीच सांगतात,
"टाचण्या नि सुया, पोरी. रात्रभर."

इथले सगळेच असं म्हणतात
पाय बधिर होऊन जागा व्हायला लागला की.
पण यांच्या तोंडी ते नुसतं म्हणणं नाही.
पंधराव्या वर्षी सुयांच्या कारखान्यात लागल्या,
एका पुडीत पंचवीस,
न मोजता, चिमटीतल्या वजनावर.
पणजोबा सुयांना टोकं काढायचे,
पोलादाची धूळ छातीत साठवून
चाळिशीच्या आत गेले.
"आमच्या घरात सुई कुणी फुकट वापरली नाही,"
म्हणतात, आणि डावा पाय माझ्या मांडीवर देतात.

निकाल आज कळणार, हे त्यांना ठाऊक आहे.
"वाट बघण्यालाही तेच म्हणतो आम्ही.
सकाळपासून सुयांवर बसलेय."
आमच्याकडे जीव टांगणीला लागतो,
त्यांचा बसतो.
म्युरिअल म्हणून बहीण होती,
तिचं नाव निघतं आणि अर्ध्यावर राहतं.
फाईलमध्ये आहे: गुडघ्याखालून, दोन हजार नऊ.

"तुमच्यात काय म्हणतात गं याला?"
मुंग्या, मी सांगते. पायाला मुंग्या येतात.
त्या हसतात, खुर्ची करकरेपर्यंत हसतात,
कार्डिगनच्या बाहीनं डोळे पुसतात.
"येणारच की! साखर किती निघाली म्हणालीस?"

चौदा.
हसता हसताच लिहून घेते मी.

आता डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा.
नायलॉनचा तंतू टेकवते, तो वाकेपर्यंत दाबते.
टाच. हो.
अंगठा. थोडं थांबून, हो.
तंतू हवेतच असतो,
तरी एक हो येतो,
परीक्षेत शेजारच्या वहीत बघून
लिहिल्यासारखा.

करंगळीच्या मुळाशी टेकवते.
तंतू वाकतो.
पुन्हा टेकवते.
खिडकीबाहेर सत्तावन्न नंबरची बस
कुणाला तरी न घेता निघून जाते.
पुन्हा.

कागदावरच्या पायाच्या चित्रात
तिथे मी फुली मारते.
सुया नाहीत तिथे. मुंग्याही नाहीत.
रात्री तळमळत ठेवणारं ते टोचणं
किती भलं होतं, हे
कुठल्या भाषेत सांगायचं यांना?

डोळे अजून घट्ट मिटलेले,
हात खुर्चीच्या कडेला आवळलेले.
"थांबलीस का, पोरी?"

नाही, म्हणते.
झालंच.