पटावरून कमी

मे महिन्यात बरक्याच्या आमच्या शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला:
दहावीचा निकाल शंभर टक्के.
दुपारीच वाऱ्यानं एक कोपरा सुटला,
सुलेमान चौकीदारानं तो खजुरांच्या पेटीच्या दोरीनं बांधला.

शंभर टक्के म्हणजे एकेचाळीस.
मी नोकरीला लागले त्या वर्षी एकशे अडुसष्ट बसले होते,
नऊ नापास,
आणि पेढे तरीही वाटले होते.

अकरा वर्षं जनरल रजिस्टर माझ्या हाती आहे.
शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण:
वडिलांची बदली. वडिलांची बदली. वडिलांची बदली.
बदली कुणाचीच झाली नव्हती.
रुमैसचा पाइपांचा कारखाना बंद पडला होता,
पण त्यासाठी दाखल्यावर शब्द नाही,
आणि व्हिसा रद्द असं लिहावं
तर मिरजेची शाळा उगीच चार प्रश्न विचारते.

नववी क, आठवी ब, मग नववी ब.
तुकड्या मिटत गेल्या
लग्न आटोपल्यावर मांडवातल्या खुर्च्या मिटतात तशा,
एकीत एक, भिंतीला टेकवून.
प्रयोगशाळेत बाकं, संगीताच्या खोलीत बाकं,
आता माझ्या खुर्चीमागेही बाकं,
एकावर कर्कटकानं कोरलेलं: जिनू अधिक
पुढचं नाव खोडलेलं.

मुबश्शिर परकारचा दाखला मीच लिहिला.
नववीत गणितात सतरा.
मुख्याध्यापिका त्याच्या वडिलांना म्हणाल्या,
फार गोड आवाजात,
गावाकडं मुक्त शाळा असते, तिथं त्याला सोपं जाईल.
वडील पाण्याचा टँकर चालवतात.
त्यांनी टोपी काढली, परत घातली,
बाहेर येऊन मला विचारलं,
"बाय, फी सगली भरलेली हाय ना?"
भरलेली होती.
कारण: पालकांची विनंती.
माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

काल टँकर आला.
चाकापाशी मुबश्शिर, मिसरूड फुटलेलं, खांद्यावर पाइप.
दापोलीहून आलोय, म्हणाला,
परत जायचं का ते अजून अब्बांचं ठरत नाही.
गच्चीवरच्या टाक्यांकडं मान वर करून बघत राहिला.
"पूर्वी रोज दोन फेऱ्या लागायच्या, मॅडम.
आता दिवसाआड एक,
तीसुद्धा उरते.
साडेचारशेच्या आत आलात ना?"

चारशे सदतीस.
सकाळीच हा आकडा मी मस्कतला पाठवला होता,
पाकिटावर गोपनीय असा शिक्का मारून.

मी म्हटलं, पाइप नीट धर, पाणी सांडतंय.
सांडू दे, म्हणाला,
कडुलिंबाला जातंय.