विसावा

हॅगथ्वेट. घरं एकेचाळीस,
त्यातल्या सतरांमध्ये दिवा फक्त शनिवारी लागतो.
पॅरिश कौन्सिलचं कारकूनपद दोन वर्षं रिकामं होतं,
कुणालाच नको होतं, म्हणून मला दिलं.
सोबत पत्र्याची पेटी:
इतिवृत्ताच्या अकरा वह्या, एक वाळलेली पाकोळी,
आणि शाळेच्या कोठीची किल्ली.
शाळा आता नाही.

हिवाळाभर वाचत गेले.
१८९७: पंपाचा दांडा कुणीतरी काढून नेला. चौकशी व्हावी.
पुढच्या बैठकीत: चौकशी चालू.
त्याच्या पुढच्या: दांडा मिळाला,
मॉसपच्या डुकरांच्या खुराड्याला अडसर म्हणून.
१९०३: गावची तिरडीगाडी
(लाकडी, दोन चाकांची, चर्चमागच्या खोपटात असते ती)
आयझॅक डार्ग याने गवत वाहायला नेली.
दंड दोन शिलिंग. गाडी धुऊन परत करावी.
१९१७ च्या पानांवर नुसत्या तारखा,
आणि 'उपस्थिती अपुरी'.
जास्त लिहायची कारकुनाला गरज वाटली नसावी.
त्याचं आडनाव चर्चबाहेरच्या दगडावर दोनदा कोरलंय.

त्याआधीचं वह्यांत नाही, बोलण्यात आहे.
गावाला दफनभूमी नव्हती तेव्हा
मढी डोंगरावरून न्यायचे, सहा मैल, पलीकडच्या दरीत.
वाटेत एक सपाट दगड लागतो, शेवाळलेला.
एडिथ मॉसपनं दाखवला मला:
'इथे पेटी टेकवायचे. खांदे बदलायचे. कुणी पाइप ओढायचं.'
म्हटलं, आमच्याकडे याला विसावा म्हणतात.
तिनं तो शब्द दोनदा तोंडात घोळवला,
मग मेंढ्यांकडे बघत म्हणाली,
'बरं झालं. आम्ही आपलं नुसतं दगड म्हणायचो.'

गेल्या नोव्हेंबरात नॉर्मन टॅलेंटायर गेला.
साठ वर्षं भिंती रचल्या त्यानं. चुना नाही, माती नाही,
दगडाला दगडाचा आधार.
माझ्या परसातलं खिंडार बुजवलं तेव्हा पैसे घेतले नाहीत,
लिंबाचं लोणचं घेतलं,
आणि आठवड्यानं बरणी धुऊन परत.
त्याची चिठ्ठी निघाली: मोटार नको. गाडी काढा.

पस्तीस वर्षांत निघाली नव्हती.
चाकांना चरबी चोपडली, कोळिष्टकं झाडली.
ओढायला दोघं पुरतात. पण चर्चच्या पायऱ्यांवर
पेटी उचलायला सहा जण लागतात.
जॉन्टी. विल्सन बर्केट. पोस्टमनचा मुलगा.
शनिवारच्या घरातला एक पाहुणा,
ज्यानं नॉर्मनला कधी पाहिलंही नव्हतं.
एडिथ, वय एकाहत्तर.
तरी पाचच.
कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही.
विचारायची ही इथली रीत.

वडिलांच्या वेळी मला जिन्यात थांबवलं होतं.
भाऊ पुढे झाला, चुलतभाऊ, खालच्या मजल्यावरचे किंजवडेकरसुद्धा,
आणि मी कठड्यावरून
वळणाआड जाणारी डोकी मोजत राहिले.

हातमोजे काढले. डावीकडची शेवटची जागा.
मेंढ्या मोजतात तसं जॉन्टीनं मोजलं:
यान, टान, टेथेरा,
आणि टेथेराला नॉर्मन वर आला.
जड. भिंती रचणारे हाडापेरानं जडच असतात,
विल्सन म्हणाला, खाली ठेवल्यावर.
माझा खांदा सहा दिवस ठणकत होता.
शेकला नाही.

डिसेंबरची बैठक. उपस्थित नऊ.
मंगळवारची बस बंद होणार, ते पत्र वाचून दाखवलं.
मी लिहिलं: गाडी वापरली. धुऊन परत ठेवली.
डावं चाक कुरकुरतं.
मग एडिथनं विचारलं,
वरच्या त्या दगडाचं नाव नकाशात घालायचं तर
अर्ज कुणाकडे करतात? आणि स्पेलिंग काय?
'पुढच्या बैठकीत बघू,' अध्यक्ष म्हणाले, कोट चढवत.
मी नोंद केली:
पुढच्या बैठकीत.